"गुडघं दुखालंय, सर!" : खेळणाऱ्या पोरापोरींच्या गुडघेदुखीचं काय करायचं

शाळेच्या मैदानावर शिट्टी घेऊन उभं राहिल्यापासून मी सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य म्हणजे "सर, गुडघं दुखालंय." सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे त्याला दोनच उत्तरं होती. सामना तोंडावर असला तर "काही होत नाही, पळ." सामने संपलेले असले तर "मग बस घरी महिनाभर." पहिल्या उत्तरानं दुखणं वाढायचं. दुसऱ्यानं पोरगं महिनाभर बसायचं, मांडी उतरायची, आणि परतल्या दिवशी सगळ्यांबरोबर पूर्ण सराव केला की तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाक्य.

आमच्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागात गुडघ्याला कामं फार. तालमीतल्या बैठका, खो-खोत पाटीवर उकिडवं बसून उठणं, लाल मातीतली कबड्डी, लेले मैदानावरचा फुटबॉल, आणि पहाटेच्या अंधारात भरतीसाठी रस्त्यानं धावणाऱ्या पोरांच्या रांगा. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच असताना धावणं सोडणार कोण? 'खेळ बंद' हा सल्ला इथं कुणी पाळत नाही, आणि बहुतेक वेळा तो द्यायची गरजही नसते. गरज असते ती भार मोजून कमी करायची आणि मोजून वाढवायची. हे लिहितोय ते साधारण १० ते २१ वयाच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. आजीच्या गुडघ्याला यातलं काही लावू नका, ते दुखणं वेगळं.

पहिली पायरी: थेट दवाखान्यात न्यायची दुखणी आधी बाजूला काढा

हे मी एका चुकीतून शिकलो. सातवीतला एक अंगानं भरलेला मुलगा महिनाभर उजवा गुडघा दुखतो म्हणत होता. मी बाम दिला, नीकॅप दिली. गुडघा कुठंही दाबला तरी तो "इथं न्हाई" म्हणायचा, आणि ते मला विचित्र वाटायला हवं होतं. चालताना त्याचं उजवं पाऊल बाहेर वळलेलं असायचं. डावं सरळ बाराच्या काट्यासारखं आणि उजवं दोनवर. मी त्याला "सरळ चाल की रे" म्हणून ओरडलोही होतो. शेवटी एक्स-रे गुडघ्याचा नाही, खुब्याचा काढला तेव्हा कळलं: वाढीच्या वयात खुब्याच्या हाडाचा गोळा आपल्या जागेवरून सरकतो, ते झालेलं. खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. ऑपरेशन करून स्क्रू घालावा लागला. महिनाआधी नेला असता तर कमी सरकलं असतं, हे डॉक्टरांनी मला न रागावता सांगितलं, आणि तेच जास्त लागलं.

तेव्हा ११ ते १५ वयाचं मूल, विशेषतः वजनानं जास्त असलेलं, लंगडत असेल, पाऊल बाहेर वळत असेल, मांडी आत वळवली की कळवळत असेल, तर त्याच दिवशी खुब्याचा एक्स-रे. तोवर त्या पायावर भार देऊ द्यायचा नाही.

आणखी काही खुणा सांगतो. ताप आहे आणि गुडघा गरम, लाल, सुजलेला आहे, तर सांध्यात पू झालेला असू शकतो. तिथं एक रात्रही थांबायचं नाही. झोपेतून उठवणारं दुखणं, खेळाशी संबंध नसलेलं, दिवसेंदिवस वाढणारं, हाडावर गाठ किंवा वजन उतरणं, तर डॉक्टर आणि एक्स-रे. हाडाचा कर्करोग क्वचित होतो, पण होतो तेव्हा याच वयात आणि बरेचदा गुडघ्याच्या आसपास. पडल्यावर चार पावलंही टाकता येत नाहीत, गुडघा काटकोनात वाकत नाही, वाटी बाजूला सरकलेली दिसते, किंवा गुडघा मध्येच अडकून सरळ होत नाही, यालाही दवाखानाच. आणि "आतून काहीतरी पट्कन वाजलं" असं मुलानं सांगितलं आणि दोन-तीन तासांत गुडघा फुगला, तर लिगामेंट (हाडाला हाड बांधणारा पट्टा) तुटल्याचा संशय धरूनच चालायचं.

यातलं काहीच नसेल तर पुढं वाचा. बहुतेकांचं नसतंच.

दुसरी पायरी: एक बोट ठेवायला सांगा

"कुठं दुखतंय?" विचारलं की पोरगं अख्ख्या गुडघ्यावर पंजा फिरवतं. त्याला सांगा, "एकच बोट ठेव." त्या बोटावरून निम्मं कोडं सुटतं.

बोट वाटीच्या खाली, नडगी जिथं सुरू होते त्या उंचवट्यावर गेलं, आणि पोरगं दहा ते पंधराच्या मधलं, वर्षात कपडे आखूड झालेलं: याला डॉक्टर ऑसगुड-श्लाटर म्हणतात. नाव भारी, गोष्ट साधी. उंची झपाट्यानं वाढते तेव्हा हाड पुढं पळतं आणि मांडीचा स्नायू मागं राहतो. तो ताणलेला स्नायू वाटीखालच्या शिरेतून (रक्ताची शीर नव्हे, हाडाला बांधलेली दोरीसारखी शीर) नडगीच्या त्या उंचवट्याला ओढत राहतो, आणि तिथलं हाड अजून कच्चं असतं. बैठक, उडी, धाव, प्रत्येक वेळी एक हिसका. टेंगूळ येतं, ते दाबलं की दुखतं, गुडघे टेकून बसवत नाही. वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं हे आपोआप थांबतं. वर्ष-दोन वर्षं येऊन-जाऊन चालतं. टेंगूळ मात्र अनेकांना कायमचं राहतं, त्यानं बिघडत काही नाही. पण घरची मंडळी "हाड वाढलंय" म्हणून घाबरतात आणि हाडवैद्याकडं नेऊन ते टेंगूळ चोळून बसवायला सांगतात. हे मात्र करू नका. चोळून बसवण्यासारखं तिथं काही नसतं.

बोट वाटीच्या खालच्या टोकावर गेलं आणि मूल लहान असेल तर तोच प्रकार, जागा फक्त वर. हेच सोळा-सतरा वर्षांपुढच्या उड्या मारणाऱ्या खेळाडूत असेल, व्हॉलीबॉल, लांब उडी किंवा भरतीतली ९ फुटी खंदकाची उडी, तर वाटीखालची शीर दुखावलेली असते. तिची खूण अशी की सुरुवातीला दुखते, अंग तापलं की विसरायला होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना पुन्हा आठवण करून देते.

एक बोट ठेवताच येत नाही, "वाटीच्या मागं, सगळीकडं" असं सांगतात, एसटीत किंवा वर्गात तासभर गुडघे दुमडून बसलं की दुखतं, आणि जिना चढण्यापेक्षा उतरताना जास्त: हे वाटीमागचं दुखणं. मुलींत जास्त दिसतं. मांडी आणि खुब्याचे स्नायू कमी पडले की वाटी आपल्या खोबणीतून नीट सरकत नाही, असं सोप्या भाषेत म्हणता येईल. वाटीमागचं दुखणं बरं करायला औषधापेक्षा व्यायाम कामाला येतो, तो पुढं आहे.

बोट बाहेरच्या बाजूला, आणि दुखणं ठरावीक अंतर धावल्यावरच सुरू होतं, तर मांडीच्या बाहेरचा पट्टा घासतोय. उतारावर धावणाऱ्यांचं दुखणं हे.

कुस्तीतल्या पोरांत आणखी एक दिसतं. पट काढताना गुडघा शंभर वेळा टेकतो, आणि वाटीच्या वर कातडीखाली पाण्याची पिशवी फुगते. टेकणं थांबवून, गुडघ्याला जाड पॅड लावून ती ओसरते. पण ती लाल आणि गरम झाली, जवळ खरचटलेलं असेल, तर जंतू शिरलेत, डॉक्टरकडे जा. ब्लेडनं किंवा सुईनं घरी फोडणारे महाभाग मी पाहिलेत.

तिसरी पायरी: गेल्या चार आठवड्यांचा हिशोब लिहून काढा

डॉक्टरकडे जा किंवा जाऊ नका, हे मात्र करा. वहीचं एक पान घ्या. रोज किती मिनिटं खेळ, काय खेळ, कुठल्या जमिनीवर, आणि दुखणं दहापैकी किती. (आमचे आजोबा "रुपयातले किती आणे दुखतंय?" विचारायचे. सोळा आण्यांचं माप खरं म्हणजे जास्त बारीक होतं. आता पोरांना आणे कळत नाहीत, म्हणून दहा.)

भरतीची तयारी करणाऱ्या एकाचं असंच पान मी भरून घेतलं. परीक्षा संपेपर्यंत काहीच नाही. मग पहिल्याच आठवड्यात रोज ५ किलोमीटर डांबरी रस्त्यानं, दुसऱ्या आठवड्यापासून रविवारी राजहंसगडाचा चढ धावत वर आणि धावतच खाली, शिवाय रात्री १०० बैठका. भरतीची धाव १.६ किलोमीटरची, आणि हा आठवड्याला पस्तीस धावत होता. पायात कॅनव्हासचे बूट, टाच एका बाजूनं झिजलेली. पहाटे साडेचारला उठायचं आणि रात्री बारापर्यंत मोबाइल. या वयात आठ ते दहा तास झोप लागते, दुरुस्ती तेव्हा होते. "गुडघा का दुखतो" हा प्रश्न त्यानं पान भरता भरताच सोडवला.

धरून चालायला दोन-तीन मापं चांगली आहेत. आठवड्याला एका खेळाचे तास मुलाच्या वयापेक्षा जास्त नकोत. बारा वर्षांच्या मुलाला बारा तास पुरे. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी. वर्षातून दोन-तीन महिने त्या एका खेळापासून लांब; सलगच हवेत असं नाही, तुकड्या-तुकड्यांनी चालतील. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. एप्रिल-मे लोळण्यात किंवा लग्नांत जातात, शाळा उघडते, पावसाळ्यातच शालेय स्पर्धा लागतात, आणि आम्ही मास्तर लोक दोन्ही वेळचा सराव लावतो. त्यात एखादी मुलगी कबड्डीतही असते, खो-खोतही आणि रिलेतही, आणि घरी गेल्यावर भात लावणीला वाकलेली. तिन्ही खेळांचे मास्तर तिला आपापला एकच तास मोजतात. बेरीज करायला कुणी नसतं. ती बेरीज घरच्यांनी करायची.

आता कमी किती करायचं? दुखणं दहापैकी तीनपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त नाही, तर तेवढा खेळ चालेल. त्यावर गेलं तर दुसऱ्या दिवशीचा खेळ निम्मा. लंगडत असेल तर त्या दिवशी मैदानातून बाहेर, सामना कुठलाही असो. उड्या, उतार आणि खोल बैठका आधी कमी करायच्या. पोहणं, कमी जोरावर सायकल (सीट उंच ठेवून) चालू ठेवायचं.

एका तालमीत हे सांगायला गेलो होतो. तेरा वर्षांचा पोरगा, दोन्ही नडग्यांवर टेंगळं, रोज ३०० बैठका. वस्ताद म्हणाले, "मास्तर, बैठका न्हाईत म्हंजे मेहनत कसली?" मी म्हटलं, "वस्ताद, जोर चालू द्या, दोर चढू द्या, माती उकरू द्या. बैठका तेवढ्या सहा आठवडे बंद." त्यांनी त्या पोराची नडगी अंगठ्यानं दाबून बघितली. पोरगं ओरडलं नाही, पण डोळ्यांत पाणी आलं. "बरं, दोर," एवढंच बोलले. पुढं बैठका सुरू केल्या त्या अर्ध्या आणि तीसपासून.

अचानक मार बसला असेल तर

पहिले दोन-तीन दिवस मालीश नाही, गरम शेक नाही, निरगुडीचा पालाही नाही, ओढून सरळ करणं तर अजिबात नाही. बर्फ फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. थेट कातडीवर ठेवला तर कातडी भाजल्यासारखी होते. क्रेप बँडेज बांधा, पण बोटं निळी किंवा बधिर झाली तर सैल करा. पाय उशीवर उंच. दुखण्याची गोळी वजनाप्रमाणे आणि डॉक्टरांना विचारून. सामन्याआधी गोळी गिळून उतरणं हे धोक्याची घंटा कापडात गुंडाळण्यासारखं. आणि वाढत्या वयात "एक इंजेक्शन द्या, फायनल आहे" असा हट्ट डॉक्टरांकडे धरू नका; वाटीखालच्या शिरेत टोचलेलं स्टेरॉइड तिला कमजोर करू शकतं.

चौथी पायरी: व्यायाम

नीकॅपनं ऊब मिळते, धीर येतो. ताकद येत नाही. ती यायला सहा ते बारा आठवडे लागतात, आठवड्यातून तीन-चार दिवस.

दुखणं जास्त असताना सुरुवात बसून. पाय सरळ, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबत मांडी आवळायची, पाच सेकंद धरायची, दहा वेळा. मग पाठीवर झोपून सरळ पाय वीतभर उचलणं, दहाचे तीन फेरे. मग कुशीवर झोपून वरचा पाय किंचित मागं नेत उचलायचा, पायाची बोटं छताकडे वळू द्यायची नाहीत. हा व्यायाम पोरांना बायकी वाटतो आणि नेमका हाच ते टाळतात. वाटीमागच्या दुखण्यात खुब्याची ही बाजूच ढिली असते. चौथा, पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणं.

दोन आठवड्यांनी उभ्यानं. भिंतीला पाठ टेकून अर्धीच बैठक धरायची, पूर्ण काटकोन नको. ४५ सेकंद, मध्ये दोन मिनिटं थांबून पाच वेळा. शिरेच्या दुखण्यात हा व्यायाम विशेष चांगला. मग पायरी उतरणं. शाळेच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच हळू जमिनीला लावायची आणि परत वर. समोरून मोबाइलवर व्हिडिओ काढा. गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतो का, की आत, अंगठ्याच्या पलीकडे कोसळतो? आमच्या मुलींच्या संघात मी पहिल्यांदा असा व्हिडिओ काढला तेव्हा निम्म्याहून जास्त गुडघे आत पडत होते, आणि त्यांना स्वतःला ते बघून हसू आवरेना. मुलींत लिगामेंट तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतं, आणि उडीनंतर सरळ पायानं, गुडघा आत पाडून उतरणं हे त्याचं एक मोठं कारण. उडी मारून "आवाज न करता उतर" एवढी एक सूचना रोज दिली तरी फरक पडतो.

मांडीचा पुढचा स्नायू, मागची शीर आणि पोटरी यांचा ताण प्रत्येकी ३० सेकंद, तीन वेळा, खेळ झाल्यावर. खेळाआधी दोन चकरा मारून हात फिरवणं म्हणजे वॉर्म-अप नव्हे. फुटबॉलवाल्यांसाठी 'फिफा इलेव्हन प्लस' हा सुमारे वीस मिनिटांचा क्रम मोबाइलवर फुकट मिळतो. आठवड्यातून दोनदा नेमानं केला तर दुखापती लक्षणीय कमी होतात. कबड्डीलाही तो चालतो.

बूट आणि जमीन यावर थोडक्यात. भात कापल्यावर शिवारात मैदानं आखली जातात, ती दगडासारखी कडक असतात. तिथं लांब स्टडचे फुटबॉल बूट घालू नका. रस्त्यानं धावायचं तर कडेला उतार असतो, म्हणून जाताना ज्या कडेनं गेला त्याच कडेनं परत या. उताराकडचा पाय आपोआप बदलतो.

दवाखाना, भाषा आणि कागद

सहा आठवडे हे सगळं नीट करूनही फरक नसेल तर हाडांच्या डॉक्टरांकडे. वहीचं पान बरोबर न्या. पाच मिनिटांच्या तपासणीत ते फार बोलतं. साध्या गुडघेदुखीला एमआरआय लागत नाही. गुडघा अडकत असेल, डगमगत असेल किंवा लिगामेंटचा संशय असेल तर लागतो. बेळगावात बिम्सचं जिल्हा रुग्णालय आहे. निपाणीकडच्यांना कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय जवळ पडतं. खेड्यातल्या मुलाला सरकारी दवाखान्यात कन्नड नर्ससमोर बावरायला होतं. त्याला तीन शब्द शिकवा: मोणकालु म्हणजे गुडघा, नोवु म्हणजे दुखणं, बावु म्हणजे सूज. बाकी काम बोट करतं.

ऑपरेशन सांगितलं तर पैसे भरण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (सरकारी आरोग्य योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) गाठा. कर्नाटकाच्या आरोग्य योजनेत बहुतेक वेळा आधी सरकारी रुग्णालयातून चिठ्ठी लागते, म्हणून थेट खासगीत दाखल होऊन मग धावाधाव करू नका. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना देण्याचा निर्णय घेतला आहे. आपलं गाव यादीत आहे का आणि हे ऑपरेशन त्यात बसतं का, हे कोल्हापुरातल्या रुग्णालयात आधी विचारून घ्या. लिगामेंटच्या ऑपरेशननंतर नऊ महिन्यांच्या आत स्पर्धेत उतरायचं नाही, मुलगा कितीही ठणठणीत दिसला तरी. फिजिओथेरपीला आठवड्यातून दोनदा कोण नेणार, हे ऑपरेशनआधीच घरात ठरवा. मी पाहिलेली जी ऑपरेशनं फसली, ती बहुतेक तिथंच फसली.

शेवटची पायरी: परत मैदानात

आधी अर्धा तास भरभर चालून दुखत नाही हे बघा. मग एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, दहा वेळा, एक दिवसाआड. दर आठवड्याला एकूण धाव साधारण दहाव्या हिश्श्यानं वाढवा. मग वळणं, मग उड्या, मग गडी अंगावर घेणं.

आणि सामन्याआधी एक चाचणी. खडूची रेघ मारायची, एका पायावर उडी, त्याच पायावर उतरून स्थिर राहायचं. अंतर मोजायचं, तीन उड्यांतली सर्वात लांब धरायची. दुखरा पाय चांगल्या पायाच्या नव्वद टक्के गेला तर उतरायचं.

आमच्या कबड्डीत चढाई करणाऱ्या मुलीचं गेल्या मोसमात असंच मोजलं. चांगला पाय १५० सेंटिमीटर, दुखरा १२६. तिनं आकडा बघितला, टेप पुन्हा धरायला लावली, पुन्हा उडी मारली. १२४. "सर, टेप सैल हाय," म्हणाली. टेप सैल नव्हती. तालुक्याच्या त्या सामन्यात ती टेबलावर बसून गुण लिहीत होती, आणि आमच्या बाजूच्या प्रत्येक चढाईला पेन खाली ठेवून ओरडत होती.